सर्व्हर भिजेल म्हणून

माझ्या सेंट फोल्डरमध्ये फेब्रुवारी २०२१ चा एक मेल आहे. चार ओळींचा. अकोल्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना पाठवलेला. मजकूर साधारण असा: तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम आणि सीटी स्कॅनची यंत्रणा आहे, त्यांच्यावरून स्प्रिंकलरचे पाइप जातात, पाइपांची प्रेशर टेस्ट केली तर गळती होऊन उपकरणांचं नुकसान होऊ शकतं, म्हणून ही टेस्ट तूर्त पुढे ढकलावी. मेल इंग्रजीत होता, त्यामुळे आणखीच वजनदार. खाली माझं नाव, डिग्री आणि पुण्यातल्या कंपनीचं पद.

हा लेख त्या मेलच्या विरोधात आहे. म्हणजे माझ्या, आणि तो मेल लिहू शकणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याच्या विरोधात.

तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. वर्क फ्रॉम होममुळे अकोल्यात घरी परतलेलो. ओळखीतून या हॉस्पिटलचं सर्व्हरचं काम बाजूला करत होतो: रिपोर्ट, एक्स-रे, सीटीच्या इमेजेस, बिलिंग. महिनाभर आधी, ९ जानेवारीच्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली होती. सात वाचली. सगळा महाराष्ट्र हादरला, राज्यभरातल्या हॉस्पिटलांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. त्या धावपळीत आमच्या हॉस्पिटलनेही एक ठेकेदार बोलावला. त्याचा फिटर, पन्नाशीतला माणूस, पाइप बघून म्हणाला की तिसऱ्या मजल्यावर सीटी बसवताना लाइन सरकवलेली दिसते, चार-पाच नवे जॉइंट आहेत, त्यानंतर टेस्ट झालेली नाही, ती करायला लागेल. व्यवस्थापकांनी मला फोन केला. "सर, तुम्ही टेक्निकल माणूस. यानं मशीनला काही होणार नाही ना? नाहीतर तसं लेखी द्या."

मी दिलं. मला स्प्रिंकलरबद्दल काय माहीत होतं? सिनेमात बघितलेलं. कोणीतरी सिगारेट पेटवतो, अलार्म वाजतो आणि अख्ख्या ऑफिसात पाऊस पडतो.

असं होत नाही, हे मी नंतर शिकलो. नेहमीच्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी एक छोटा काचेचा बल्ब असतो, त्यात द्रव भरलेला. लाल बल्ब साधारण ६८ अंशांना फुटतो, पिवळा ७९ ला, हिरवा ९३ ला. ज्याच्याखाली आग आहे तोच फुटतो, बाकीचे गप्प बसतात. त्यातून मिनिटाला ऐंशीएक लिटर पाणी पडतं. आग वाढल्यावर अग्निशमन दलाचा जवान होज घेऊन येतो तेव्हा त्याच्या कितीतरी पट पाणी खोलीत जातं, आणि तेही सगळीकडे. म्हणजे ज्याला खरोखर सर्व्हर कमी भिजावा असं वाटतं, त्यानं स्प्रिंकलरच्या पाया पडायला पाहिजे. (जाता जाता: बल्ब निवडताना जागेच्या सर्वाधिक तापमानापेक्षा निदान ३० अंशांनी वरचा घ्यावा असा संकेत आहे. ४५ अंशांच्या अकोल्यात एसी नसलेल्या वरच्या मजल्यावर लाल बल्ब लावणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून बघावी.)

आता प्रेशर टेस्ट. कल्पना अगदी साधी आहे. पाइपात पाणी भरायचं, हवा सगळी बाहेर काढायची, आणि पंपानं दाब रोजच्या कामापेक्षा बराच वर न्यायचा. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या प्रमाणकात हा आकडा २०० पीएसआय आहे, म्हणजे सुमारे १३.८ बार. आपल्याकडे कामाच्या दाबाच्या दीडपट असा हिशेब धरतात. अंदाजासाठी सांगतो, कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतात. एवढा दाब चढवून दोन तास थांबायचं. गेजचा काटा हलायला नको आणि कुठल्याच जॉइंटला थेंब दिसायला नको. बस. ही टेस्ट रोज करायची नसते, दरवर्षीही नसते. नवी लाइन टाकल्यावर, किंवा जुनीत कोणी हात घातल्यावर. आमच्याकडे हात घातला होता.

यात माझी भीती कुठे बसते ते बघा. जॉइंट कच्चा असेल तर टेस्टच्या वेळी गळेल, हे खरं. पण त्या वेळी चार माणसं हातात टॉर्च घेऊन वर बघत उभी असतात, एकजण व्हॉल्व्हवर असतो, बादली खाली असते, दिवस रविवारचा आपणच ठरवलेला असतो. टेस्ट केली नाही तर तोच जॉइंट तसाच कच्चा राहतो. मग तो त्याला वाटेल त्या रात्री दोन वाजता गळतो. मी म्हणालो होतो, 'गळेल म्हणून टेस्ट नको'. ज्या माणसानं कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकलंय, त्यानं हे वाक्य लिहावं? 'बग सापडेल म्हणून टेस्ट नको' असं माझ्या टीममधला ज्युनिअर म्हणाला असता तर मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला असता.

शिवाय सर्व्हर रूमवर थेट पाणी सोडायची सक्तीही नाही. आधी हवा भरता येते, ४० पीएसआयपर्यंत, चोवीस तास. दीड पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. साबणाचं पाणी जॉइंटला लावलं की फेस येतो, पंक्चरवाला करतो तसंच. हवा ४० च्या वर का नेत नाहीत, तर दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. एखादा प्लग सुटला तर गोळीसारखा उडतो. पाणी दाबलं जात नाही म्हणून ते जोराच्या टेस्टला सुरक्षित. तर आधी हवेनं ढोबळ गळती पकडायची, मग एकेक झोन करून पाणी. आणि ज्यांना सर्व्हरवर भरलेला पाइपच नको असेल त्यांच्यासाठी प्रीअ‍ॅक्शन नावाची पद्धत कित्येक दशकं अस्तित्वात आहे. पाइपात नुसती हवा, धूर किंवा उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेनं सांगितलं तरच व्हॉल्व्ह उघडून पाणी पाइपात येणार, आणि तरीही बल्ब फुटल्याशिवाय खाली पडणार नाही. पाइप गळला तर हवेचा दाब उतरून अलार्म वाजतो, पाणी पडत नाही. माझ्या चार ओळींच्या भीतीला उत्तर मी जन्मायच्या आधीपासून तयार होतं. मी शोधलं नव्हतं.

माझ्या मेलनंतर काय झालं? टेस्ट रद्द झाली. पण व्यवस्थापक मूर्ख नव्हते. त्यांनी विचार केला की पाइप टेस्ट केलेले नाहीत, म्हणजे त्यात भरलेलं पाणी धोक्याचं. त्यांनी तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामा करायला लावला. व्हॉल्व्हला साखळी आणि कुलूप. फायलीत माझ्या मेलची प्रिंट. तर्कात काही चूक नव्हती. तर्क माझाच होता, त्यांनी तो एक पाऊल पुढे नेला.

एनएफपीएनं अमेरिकेतल्या आगींचा जो अभ्यास वर्षानुवर्षं चालवला आहे त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: स्प्रिंकलर असूनही चालला नाही, अशा दर पाच प्रसंगांपैकी तीनच्या आसपास प्रसंगांत कारण एकच, यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती. पाइप सडला, बल्ब खराब निघाला, हे सगळं नंतर.

मे २०२४. अकोल्यात त्या आठवड्यात ऊन इतकं पेटलं होतं की जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ लावलं. मी तोवर कायमचा अकोल्यात आलो होतो. दुपारी फोन आला, "सर, यूपीएसच्या खोलीतून धूर येऊन रायला." मी पोचलो तोवर बॅटऱ्या पेटल्या होत्या. कोणीतरी मेन स्विच पाडला होता. दोन वॉर्डबॉय आणि एक ब्रदर एकामागून एक एक्स्टिंग्विशर रिकामे करत होते, तोंडाला ओला रुमाल. जिन्यावरून पेशंट खाली आणत होते. सिझर झालेल्या एका बाईला चौघांनी चादरीत धरलं होतं, पाचवा सलाइनची बाटली उंच धरून उलटा उतरत होता. बाळ आजीकडे होतं. आजी रडत नव्हती, ती मोठमोठ्यानं जिन्याच्या पायऱ्या मोजत होती, बहुतेक धुरात पाय चुकू नये म्हणून.

कोणी दगावलं नाही. बंब वेळेत आला. सर्व्हर चालू झाला. सीटीलाही काही झालं नाही. संध्याकाळी व्यवस्थापक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, पाणी असतं तर सगळं गेलं असतं." आणि मी काही बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी यूपीएसच्या खोलीत गेलो. भिंती काळ्या, छत काळं. मधोमध स्प्रिंकलर. त्याचा बल्ब फुटलेला होता. कोणी न सांगता, वीज नसताना, त्या धुरात तो ठरल्या तापमानाला फुटला होता आणि त्याच्यामागे रिकामा पाइप होता.

त्याच वर्षीच्या जानेवारीतला फॉर्म बी मी नंतर मागून घेतला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ असं सांगतो की इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून प्रमाणपत्र घेऊन द्यायचं की आगीची यंत्रणा चालू आणि चांगल्या स्थितीत आहे. तोच फॉर्म बी. आमच्या फॉर्मवर स्प्रिंकलरसमोर 'चालू' लिहिलं होतं. सही, शिक्का, परवाना क्रमांक. व्हॉल्व्हची साखळी तेव्हा तीन वर्षांची जुनी होती.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ओळखतो. टेस्ट फेल होते, डेडलाइन जवळ आहे, तर कोणीतरी टेस्टच्या आत नुसतं 'रिटर्न ट्रू' लिहून टाकतो. पडद्यावर हिरवी खूण. फरक एवढाच की आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो, कोणी ना कोणी ते पकडतं आणि चहाच्या टपरीवर वर्षभर चिडवतं. फॉर्म बीचा रिव्ह्यू कोण करतो? मालक पैसे देतो, एजन्सी सही करते, फाइल पुढे जाते. सही करणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर चढला होता का, एवढंच जरी कोणी विचारलं तरी अर्धी प्रमाणपत्रं गळतील.

आता माझ्या जातभाईंकडे येतो, कारण मालक आणि एजन्सीला शिव्या देणं सोपं आहे. आपण बॅकअप घेतो, बॅकअपचा बॅकअप घेतो. नेटफ्लिक्सनं स्वतःचेच सर्व्हर मुद्दाम पाडणारा 'केऑस मंकी' बनवला याचं आपल्याला केवढं कौतुक. पण डोक्यावरच्या लोखंडी पाइपाचा विषय निघाला की आपण सोवळ्यात जातो. 'इथं पाणी नको, गॅस लावा.' ठीक, गॅस लावा. पण तोही मोफत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये गॅस यंत्रणेची चाचणी घेतली. गॅस इतक्या जोरात सुटला की त्या आवाजाच्या कंपनांनी हार्ड डिस्क गेल्या, आणि बँकेची कार्डं, एटीएम, ऑनलाइन व्यवहार दहाएक तास बंद. पाण्याचा एक थेंब नव्हता. आणि गॅस एकदाच सुटतो. आग विझली नाही तर दुसरा डाव नसतो.

पाण्याच्या भीतीचं टोक बघायचं तर दक्षिण कोरिया. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीनं पेट घेतला. सरकारच्या ७०९ सेवा बंद पडल्या. यंत्रं भिजतील म्हणून भरपूर पाणी मारताना हात आखडता घ्यावा लागला, अशा बातम्या तेव्हा आल्या. कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायची जी-ड्राइव्ह जळाली, ८५८ टेराबाइट, दुसरीकडे प्रतच नव्हती. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची अख्खी इमारत जळाली, आपोआप विझवणारी यंत्रणा तिथे नव्हती.

आणि धुराचं काय? वायरींचं पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओलाव्याशी मिळून आम्ल होतं, आणि ते सर्किट बोर्डाचं तांबं खात राहतं, आग विझल्यावरही. वीज बंद असताना स्वच्छ पाण्यानं भिजलेला बोर्ड पुष्कळदा वाळवून वाचतो. आमचा सर्व्हर ऑगस्टमध्ये गेला. आगीनंतर तीन महिन्यांनी. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड उघडून दाखवला, हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखा. डेटा वाचला, कारण बॅकअप होता. जिन्यात चादरीत धरलेल्या बाईचा बॅकअप कोणाकडेच नव्हता.

स्वच्छ पाणी म्हणालो, ते आमच्याकडे मुद्दाम सांगावं लागतं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातून पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा जातो. तिथलं बोअरचं पाणी प्यायला चालत नाही, शेताला चालत नाही. फायरच्या टाकीला मात्र चालतं, कारण ती कोण पितो! मिठातला क्लोराइड पोलादाला आतून खड्डे पाडतो, आणि खारं पाणी वीजही जास्त चांगली वाहून नेतं. आमच्या इमारतीची टाकी बोअरनं भरलेली होती. म्हणजे मी कधी भ्यायलाच हवं होतं तर या पाण्याला. पण तो मुद्दा माझ्या मेलमध्ये नव्हता.

माझे आजोबा अकोल्यात एका जिन-प्रेसमध्ये होते. कापूस भिजला की भाव पडतो, हे वऱ्हाडात पोट्ट्यालाही माहीत. तरी त्यांच्या जिनात आठवड्यातून एकदा पंप सुरू करून गंजीच्या बाजूला पाणी उडवून बघायचे, असं बाबा सांगतात. चार गाठी ओल्या होत. मालक कुरकुर करी, पण पंप बंद ठेवा म्हणाला नाही. त्यानं जिन जळताना पाहिलं होतं. आपल्या पिढीनं डेटा सेंटर जळताना फक्त फोनवर पाहिलंय. भंडाराही फोनवरच पाहिलं, अहमदनगरच्या सिव्हिलचं आयसीयूही, जिथं त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला ११ पेशंट गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या डफरीनमध्ये नवजात कक्षाला आग लागली, बाळं घाईनं दुसरीकडे हलवली, तेव्हा मी अकोल्यात, शंभर किलोमीटरवर होतो. माझा मेल तेव्हा फायलीत होता आणि व्हॉल्व्हला कुलूप होतं. मला त्या दिवशीही आठवलं नाही.

सर्व्हर गेल्यावर मी दुसरा मेल लिहिला. पहिल्यापेक्षा लांब. पहिला मेल चुकीचा होता, तो मागे घेतो, टेस्ट करा, मी सर्व्हर बंद करून द्यायला येतो. उत्तर आलं नाही. मग प्रत्यक्ष जाऊन बसलो. तीनदा. "किती वेळ बंद?" सहा तास. "सहा तास!" मी त्यांना सांगितलं की दिवाळीत मायग्रेशनसाठी मी नऊ तास बंद ठेवला होता, कोणी हूं की चूं केलं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी हवेनं सुरुवात झाली. फिटर काका तेच, २०२१ चे. मला ओळखलं. "तुमीच ना ते मेलवाले?" म्हटलं, हो. "मंग आता कायले आले?" म्हटलं, काका, चुकलो. ते काही बोलले नाहीत, साबणाची बाटली माझ्या हातात दिली. बरोबर सर्व्हर रूमच्या वर, सरकवलेल्या लाइनीच्या एल्बोला फेस आला. मोठा, हसल्यासारखा. तीन वर्षं मी ज्याला भीत होतो तो जॉइंट हाच, आणि तो चाळीस पीएसआयच्या हवेत एका मिनिटात सापडला. काकांनी खोलून पुन्हा बांधला. रविवारी पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून ठेकेदार बोअर म्हणत होता. मी गोड्या पाण्याचा टँकर मागवला, पैसे मीच दिले, त्याचं श्रेय नको, दंड समजा.

सर्व्हर बंद, रॅकवर प्लास्टिक, सीटीची वीज तोडलेली. दोन बार, पाच बार. नऊला खाली आरडाओरड. गळती निघाली, पण सर्व्हर रूममध्ये नाही. लॉबीत, जिथं पेशंटचे नातेवाईक बाकावर झोपतात, त्याच्या बरोबर वर. त्या जॉइंटकडे कोणाचं लक्षच नव्हतं, मशीन नव्हती ना खाली. अर्धी बादली पाणी पडलं. दाब उतरवला, जॉइंट बांधला, पुन्हा चढवला. मग दोन तास आम्ही दोघं गेजसमोर स्टुलावर बसून होतो. काका तंबाखू मळत, मी दर पाच मिनिटांनी काट्याचा फोटो काढत.

"काऊन फोटो काढता इतके?"

"फाइलीत लावतो, काका. मेलच्या वर."

साडेचारला काका उठले, गेजवर बोटानं टकटक केली, काटा तिथंच होता. त्यांनी ड्रेन उघडला आणि पाइप लावून पाणी मागच्या कडुनिंबाला सोडलं. लाइन पुन्हा भरली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. साखळी आणि कुलूप त्यांनी तेच वापरलं, फक्त आता उघड्या स्थितीत. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र व्यवस्थापक आणि मी अर्धा तास भांडलो.